तुम्ही विचारलंत म्हणून: भांडण नाही, मग मृत्युपत्र कशाला?

सोसायटीच्या बाकावर, भाजी घेताना, परवा तर एका मुंजीच्या पंगतीत मला हेच विचारलं गेलं. "काकू, तुमची दोन्ही मुलं इतकी चांगली, कुणाचं कुणाशी वाकडं नाही. मग मृत्युपत्र कशाला केलंत? आणि केलंत ते केलंत, सारखं बदलता कशाला?"

मृत्युपत्र म्हणजे पोटच्या पोरांवर अविश्वास, असं विचारणाऱ्याच्या मनात असतं. माझ्या घरात ते मुलांमुळे झालंच नाही. ते झालं माझ्या नणंदेमुळे.

हे 2011 साली गेले. कोथरूडचा फ्लॅट ह्यांच्या एकट्याच्या नावावर होता आणि सोसायटीत नॉमिनी मी होते. महिन्या-दोन महिन्यांत शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढलं आणि घर माझं झालं असं मी धरून चालले. मी 31 वर्षं बँकेत काम केलं आहे. काउंटरवर किती बायकांचे नॉमिनीचे फॉर्म भरून घेतले आणि "झालं, आता काळजी नको" म्हणून त्यांना घरी पाठवलं, याची गणती नाही. ते अर्धंच खरं होतं, याची टोचणी मला आजही आहे. नॉमिनीच्या हातात पैसे पडतात ते वारसांच्या वतीने सांभाळायला. आता 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेतल्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, ते जरूर लावा. पण मालक कोण, हे त्या फॉर्मवर ठरत नाही.

मला ते कळलं 2015 साली, सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा. बिल्डरच्या वकिलांनी कागद पाहिले आणि विचारलं, "साहेब गेले तेव्हा त्यांच्या आई होत्या का?" होत्या. सासूबाई त्यानंतर चौदा महिन्यांनी गेल्या. वकिलांनी माझ्यासमोर कागदावर आकडे मांडले. हिंदू वारसा कायदा 1956 चा. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. म्हणजे मी, मुलगा, मुलगी आणि सासूबाई, प्रत्येकी एक चतुर्थांश. सासूबाईंनीही मृत्युपत्र केलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या चतुर्थांशाचे पुन्हा तीन भाग: एक दिरांचा, एक नणंदेचा, एक ह्यांच्या मागे आमच्या मुलांचा. म्हणजे ज्या घराचे हप्ते आम्ही दोघांनी पोटाला चिमटा काढून फेडले, त्यात दिरांचा बारावा हिस्सा आणि नणंदेचा बारावा हिस्सा होता.

मागितला कुणीच नाही. पण सह्या लागल्या. दिर मेलबर्नला. तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन त्यांनी मुखत्यारपत्र केलं, ते एकदा चुकलं, पुन्हा केलं. मग हक्कसोडपत्र, त्याची नोंदणी. सगळं सरळ होतं, सगळे प्रेमाचे होते, तरी दीड वर्ष गेलं. भांडण असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

हक्कसोडपत्रावर सही करायला वन्सं माझ्याबरोबर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आल्या. त्यांचं लग्न झालं नाही. शाळेत शिकवलं, आईचं सगळं केलं, शेवटची चार वर्षं तर अंथरुणातलं. ह्यांच्या माघारी त्या माझ्याकडेच राहतात. मी म्हटलं, "वन्सं, सही करण्याआधी वाचा तरी." त्या म्हणाल्या, "वहिनी, तू वाचलंयस ना? मग मी काय वाचायचं!" आणि अंगठा पुढे केला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हिशोब सोपा होता. मी उद्या गेले तर घर माझ्या मुलाचं आणि मुलीचं. मुलं असताना नणंदेला कायदा काहीही देत नाही. होता तो बाराव्या हिश्श्याचा आधार, तोही त्यांनी माझ्या भरवशावर सोडला होता. मुलं आत्याला बाहेर काढतील असं मला स्वप्नातही वाटत नाही. पण मुलगा कॅनडात, मुलगी तिच्या संसारात. उद्या कुणाला पैशाची नड लागली आणि घर विकायची वेळ आली, तर वन्संनी "मी कुठे जाऊ" असं भाच्यांना विचारायचं? त्यांना तो प्रश्न विचारावाच लागू नये, म्हणून मी मृत्युपत्र केलं. घर दोन्ही मुलांना समान; वन्संना तिथे तहहयात राहण्याचा हक्क; त्या असेपर्यंत घर विकायचं नाही; आणि सोसायटीचा मेंटेनन्स व घरपट्टी कोणत्या ठेवीच्या व्याजातून भरायची, तेही. हे शेवटचं लोक लिहीत नाहीत. नुसता राहण्याचा हक्क देऊन महिन्याचं बिल कुणाच्या दारात टाकायचं ते सांगितलं नाही, तर तो हक्क फार दिवस टिकत नाही.

कागदाचं म्हणाल तर फार काही लागत नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नये. माझे साक्षीदार म्हणजे आमचे फॅमिली डॉक्टर आणि बँकेतली माझ्याहून वीस वर्षांनी लहान एक मैत्रीण. आपल्या वयाचे साक्षीदार घेतले तर आपल्या आधीच ते जायचे. "राजीखुशीने, अक्कलहुशारीने" हे शब्द आपण सवयीने वाचून पुढे जातो. उद्या शंका निघाली तर त्या अक्कलहुशारीबद्दल बोलायला डॉक्टर असलेला बरा. मी नोंदणीही केली, कारण कपाटातला कागद हरवू शकतो.

आता बदलण्याचं. पहिल्या मृत्युपत्रात "दुसऱ्या मजल्यावरील फ्लॅट क्रमांक 7" असं लिहिलं होतं. इमारत पडली, नवी उभी राहिली आणि कागदातला तो फ्लॅट जगात उरलाच नाही. दुसऱ्यांदा बदललं कारण व्यवस्था बघणारे म्हणून नेमलेले माझे भाऊ गेले. आता मुलगी आहे. दर वेळी वर तारीख आणि "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य. शेवटचं तेच खरं, आधीचं नोंदवलेलं असलं तरी.

बायकांना मी हे मुद्दाम सांगते. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने नोकरी करून जमवलेलं सगळं आधी सासरच्या वारसांकडे जातं. तिची स्वतःची आई त्यांच्या नंतर येते. माझ्या एका सहकारी मैत्रिणीची आई नव्वदीची आहे आणि तिच्याचकडे असते. हे ऐकून ती दुसऱ्याच दिवशी लिहायला बसली.

मृत्युपत्र मेल्यावरच बोलतं, हेही लक्षात ठेवा. आयसीयूत नळ्या घालून ठेवायचं की नाही, याबद्दल त्याचा उपयोग नाही. त्यासाठी वेगळा कागद, लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तो मान्य केला आणि 2023 साली सोपा केला. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मी केला आहे. मुलीशी त्यावर बोलणं मात्र घराच्या वाटणीपेक्षा खूप जड गेलं. दोघी रडलो आणि मगच तो कागद पुरा झाला.

वन्सं आता ऐंशीच्या झाल्या. गेल्या महिन्यात मी त्यांना त्यांच्याबद्दलचं कलम मोठ्याने वाचून दाखवलं, कारण हक्क ज्याचा त्याला तो ठाऊक असायला हवा. नव्या घरात मी त्यांच्या नावे आतली खोली लिहिली होती, शांत म्हणून. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "वहिनी, बाल्कनीची देशील? तिथे तुळशीला ऊन येतं."

पुढच्या आठवड्यात वकिलांकडे जायचं आहे.