काकांचा अंतरा कापला आणि युरोपात गायले

आधीच सांगते, मला भारत सरकारनं वगैरे कुठं पाठवलं नव्हतं. युरोपातल्या एका गाण्याच्या स्पर्धेचा ऑनलाइन फॉर्म भरला, डेमो पाठवला, सिलेक्ट झाले, अन् 'देश' या रकान्यात भारत लिहिलं, एवढ्यावर आमच्या नागपुरातल्या लक्ष्मीनगरातल्या लोकांनी मला देशाची प्रतिनिधी करून टाकलं. स्पर्धेच्या शहराचं नाव सांगत नाही, पुढं आयोजकांबद्दल थोडी कुरकुर आहे.

जो तो विचारे, युरोव्हिजन आहे का गं? नाही हो. ती युरोपातल्या देशांची मोठी गाण्याची स्पर्धा, तिथं त्या त्या देशाचं टीव्ही चॅनल गायक पाठवतं, आपण त्यात नाहीच (ऑस्ट्रेलिया मात्र २०१५ पासून आहे, आता बोला). गायक त्याच देशाचा पाहिजे असंही नाही, सेलिन डिऑन कॅनडाची, १९८८ मध्ये जिंकली स्वित्झर्लंडकडून. पण त्यांचा एक नियम आमच्याकडेही होता, गाणं तीन मिनिटांच्या वर नको.

अन् तिथंच पंचाईत झाली. गाणं काकांनी लिहिलेलं, वऱ्हाडीत, पऱ्हाटीवर, म्हणजे शेतातल्या कपाशीवर. पाच मिनिटं दहा सेकंद. पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात गातेय, आपल्याकडं मुखडा, म्युझिक पीस, दोन अंतरे, वर वन्समोअर, घड्याळ कोण पाहतं? आमच्या कीबोर्डवाल्यानं सुरुवातीचा पीस कापला, मधला कापला, तरी चार मिनिटं उरली, मग दुसरा अंतरा गेला. काका हक्कांच्या पत्रावर 'गीतकार' म्हणून सही करायला पेन काढून बसलेले, हे ऐकलं अन् म्हणाले, "काहून? त्यातच तर पाऊस येते!" सही केली पण. दोन दिवस बोलले नाहीत.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, अन् बँक स्टेटमेंट. आमचे पैसे कार्यक्रम संपल्यावर पाकिटात मिळतात, बँकेत काय दिसणार, कपाळ? शेवटी भावानं खर्चाची हमी लिहून दिली. हॉटेल-जेवण आयोजकांचं होतं, तिकीट अन् एन्ट्री फी माझी. सिलेक्शनचा मेल आला तेव्हा यातलं अक्षरही नव्हतं, फीचा आकडा नंतर आला. जाणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

साथीचा रेकॉर्ड केलेला ट्रॅक काळी चार या माझ्या पट्टीत केला होता, वेव्ह फाइल, त्यात मुख्य आवाज नको. तिथं पहिल्या रिहर्सलला कानात मॉनिटर, म्हणजे आपलं गाणं ऐकवणारे इअरफोन, घातले आणि एकदम विहिरीत पडल्यासारखं वाटलं. माझाच आवाज, माझाच श्वास, बाकी जग बंद. एरवी उजव्या हाताला तबलेवाला असतो, मी जरा लांबवलं की तो सांभाळून घेतो, ट्रॅक कशाला थांबतोय? सम हुकली. त्यात जमिनीवर टेपच्या खुणा, अमुक शब्दाला इथं, तमुक शब्दाला तिथं उभं राहा, मी खाली बघून गात होते. दुसऱ्या रिहर्सलला एका कानातलं काढूनच टाकलं, साउंडवाला हात हलवत राहिला, पण सूर लागला.

फायनलच्या दिवशी निवेदिकेनं सांगितलं, आता भारतातून एका झाडाबद्दलचं गाणं. माझ्या भाच्यानं भाषांतरात पऱ्हाटीचं 'कॉटन ट्री' केलेलं! मी विंगेत, हसू आवरेना, त्या हसण्यातच स्टेजवर गेले आणि बहुतेक त्यामुळंच बरं गायले. आठवी आले. बक्षीस पहिल्या तिघांनाच.

परतले तेव्हा नागपूर ४४ डिग्री. काका सोनेगावला एअरपोर्टवर आलेले, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. नंबर विचारलाच नाही. त्यांनी यूट्यूबवर पाहिलं होतं. "पऱ्हाटी झाड व्हय का बाप्पा?" एवढंच म्हणाले, अन् गाडीत बसल्यावर दुसरा अंतरा स्वतःच म्हणायला लागले, बेसूर, थेट विमानतळापासून घरापर्यंत.