रियोव्हानेसचा किल्ला आणि एकच सेव्ह : माझा अनुभव

मी नागपुरात हिशेबनीस म्हणून नोकरी करतो. रोज प्रजापतीनगरहून सुभाषनगरपर्यंत मेट्रोने जाणे-येणे असते. याच प्रवासात मी गेल्या वर्षी मोबाइलवर ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स : द वॉर ऑफ द लायन्स’ हा खेळ सुरू केला. मूळ खेळ १९९७ साली जपानमध्ये प्लेस्टेशनसाठी आला, त्याची ही सुधारित आवृत्ती २००७ मध्ये पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रावर निघाली आणि पुढे ती आयफोन व अँड्रॉइडवरही उपलब्ध झाली. खेळ पाळीपाळीने चालत असल्यामुळे स्टेशन आले की फोन खिशात ठेवता येतो आणि पटावरची माणसे जिथल्या तिथे थांबून राहतात, म्हणून हा खेळ प्रवासाला सोयीचा वाटला. तो किती कठीण आहे, हे मात्र तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी कळले.

पट बुद्धिबळासारखा चौकोनांचा असला तरी सपाट नसतो; त्यात छपरे, जिने आणि उतार असतात. आपल्या पथकातील प्रत्येकाला नाइट (चिलखती योद्धा), केमिस्ट (औषधे वापरणारा), ब्लॅक मेज (मांत्रिक), मंक असा एखादा पेशा द्यायचा असतो, आणि लढाईत केलेल्या कृतींतून मिळणाऱ्या जॉब पॉइंटांवर त्या पेशाची कौशल्ये शिकवायची असतात. एका पेशात शिकलेले कौशल्य दुसऱ्या पेशात वापरता येते आणि या खेळाची खरी गोडी त्यातच आहे. कोसळलेल्या सोबत्याला तीन पाळ्यांच्या आत उठवले नाही, तर तो कायमचा जातो. चौथ्याच लढाईत मी अशी एक तिरंदाज गमावली. तिला दिलेले नाव माझ्या अजून लक्षात आहे.

मी नायक रामझाला ब्लॅक मेज केले होते, कारण आगीचे आणि विजेचे मंत्र एकाच वेळी तीन-चार शत्रूंना लागत आणि लढाया लवकर संपत. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी येणाऱ्या रियोव्हानेसच्या किल्ल्यापर्यंत ही निवड चुकीची आहे असे मला एकदाही वाटले नाही. त्या किल्ल्यात मात्र सलग तीन लढाया आहेत. पहिली दरवाज्यावरची, दुसरी आत विग्राफ या सरदाराशी आणि तिसरी छतावरची. मधे सेव्ह करण्याची मुभा मिळते, पण नकाशावर परत जाता येत नाही. दुकान नाही, सरावाची लढाई नाही. दरवाज्यावरची लढाई जिंकल्यावर ‘सेव्ह करायचे का’ असे विचारले गेले आणि मी नेहमीप्रमाणे होकार दिला, तोही नेहमीच्याच एका जागेवर. किल्ल्याबाहेरचा जुना सेव्ह पुसला गेला.

विग्राफसमोर रामझा एकटा उभा राहतो; बाकीचे सोबती नंतर येतात. विग्राफच्या तलवारीची विद्या दूरवरूनही लागते, तिला तयारीला वेळ लागत नाही आणि ती ढालीने चुकवता येत नाही. याउलट माझ्या रामझाला मंत्राचा जप पूर्ण होण्याची वाट पाहावी लागे, आणि जप चालू असताना बसणारा वार दीडपट लागतो. दुसऱ्या, फार तर तिसऱ्या वाराला तो पडायचा. मे महिना होता, नवतपा सुरू झाला होता, घरात कूलरसमोर बसूनही फोन हातात तापत होता आणि मी रोज रात्री हीच लढाई पाच-सहा वेळा हरत होतो. जागा बदलून पाहिली, पाठीमागून वार करून पाहिला, पळत राहून पाहिले. दोन आठवड्यांनंतर मला मान्य करावे लागले की या सेव्हमधून माझ्यासाठी पुढचा मार्ग उरलेला नाही. सुमारे चाळीस तासांचा खेळ सोडून मी पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली.

त्याआधी मी एक गोष्ट केली, जी मी सुरुवातीलाच करायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. पाळी नेमकी कशी येते, हे मी वहीत मांडून पाहिले. प्रत्येकाच्या नावावर एक काळमापक असतो. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला त्यात त्याच्या वेगाइतके गुण जमा होतात आणि शंभर भरले की त्याची पाळी येते. वेग ८ असेल तर १३ ठोके लागतात, वेग १६ केला तर ७. पाळीत चाल आणि कृती दोन्ही केल्या, तर मापकातून १०० वजा होतात. दोन्हींपैकी एकच केली तर ८०, आणि काहीच न करता थांबले तर फक्त ६०. म्हणजे उगाच एक घर सरकण्याचीसुद्धा किंमत मोजावी लागते. इतके दिवस मी वार किती जोराचा लागतो एवढेच पाहत होतो. तो मारायला मिळतो कधी, हा हिशेब मी केलाच नव्हता. दिवसभर हिशेबच करणाऱ्या माणसाला तो उशिरा सुचावा, याचे मला वाईट वाटले.

दुसऱ्या खेपेस मी रामझाला नाइट केले, म्हणजे जाड चिलखत घालता येईल, आणि जोडीला त्याची स्वतःची मूळ कौशल्ये ठेवली. त्यांतली तीन मला महत्त्वाची वाटली. ‘टेलविंड’ने वेग एकाने वाढतो, ‘फोकस’ने वाराचा जोर वाढतो आणि ‘स्टील’ने शौर्य वाढते. लढाईत वाढलेल्या शौर्याचा चौथा हिस्सा लढाईनंतर कायम राहतो. खेळातल्या मांडालियाच्या मैदानावर एक दुबळा शत्रू शिल्लक ठेवून मी ही कौशल्ये पुन्हा पुन्हा वापरली, जॉब पॉइंट साठवले आणि शौर्य हळूहळू वाढवत नेले. हे काम कंटाळवाणे होते. कॉटन मार्केट ते झाशी राणी चौक एवढ्या अंतरात तीन-चार वेळा ‘फोकस’ दाबून होई आणि तेवढीच त्या दिवसाची प्रगती असे.

शौर्य वाढवण्याचे कारण केमिस्टचे ‘ऑटो-पोशन’ हे कौशल्य होते. मार बसला की हे कौशल्य असलेला माणूस आपोआप औषध घेतो, आणि तसे होण्याची शक्यता शौर्याच्या टक्केवारीइतकी असते. इथे मला एक अडचण आली. रामझा औषध घेत होता, पण प्रत्येक वेळी ३० गुणांचे साधे पोशन, आणि त्याने काहीच भागत नव्हते. रविवारी भाचा घरी आला होता. त्याने फोन हातात घेऊन सामानाची यादी पाहिली आणि म्हणाला, “मामा, ते साधं पोशन कायले ठेवता तुम्ही? यात जे हलकं असते तेच आधी वापरल्या जाते. विकून टाका ना सगळे.” मी सगळी साधी पोशने विकली आणि पिशवीत फक्त ७० गुणांची हाय-पोशने ठेवली. एवढ्या बारीकशा बदलाने लढाईचे सारे गणित फिरले.

किल्ल्यात शिरण्याआधी मी तीन वेगळ्या जागांवर सेव्ह केले. विग्राफसमोर पहिल्या पाळीला तलवार उगारली नाही, ‘टेलविंड’ घेतले. त्याचा वार लागला, रामझाने हाय-पोशन घेतले. पुन्हा ‘टेलविंड’. एकदा औषध घेतलेच गेले नाही आणि प्राण चाळीसच्या आसपास आले. तेव्हा मी बराच वेळ फोनकडे पाहत राहिलो, आणि मग हिशेबाप्रमाणेच पुढे गेलो. वेग दुप्पट झाल्यावर विग्राफच्या एका पाळीला माझ्या दोन पाळ्या येऊ लागल्या. मग ‘फोकस’ घेत राहिलो आणि सर्वांत शेवटी वार केले. विग्राफ पडताच तो बेलियास नावाच्या राक्षसाचे रूप घेतो, त्याचे सेवक येतात आणि आपले सोबतीही येतात. रामझाचा वाढवलेला वेग आणि जोर तसाच टिकतो, त्यामुळे हा भाग आधीच्या द्वंद्वापेक्षा लवकर उरकला.

छतावरची लढाई वेगळ्या अर्थाने अवघड आहे. तिथे राफा नावाच्या मुलीला वाचवायचे असते, पण ती आपल्या हुकमात नसते आणि स्वतःच मारेकऱ्यांच्या अंगावर धावून जाते. पहिल्या दोन प्रयत्नांत आमच्या कोणाचीही पाळी येण्याआधीच ती पडली. या बाबतीत खेळाने खेळणाऱ्यावर अन्याय केला आहे असे मला वाटते, कारण तिथे नशिबाचा वाटा फार मोठा आहे. मी वेग वाढवणाऱ्या टोप्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या, म्हणून तिसऱ्या प्रयत्नात माझी निंजा पेशाची सोबतीण सर्वांच्या आधी हलली. मारेकऱ्यांपैकी एकीचे प्राण अगदी कमी झाले, की त्या सगळ्या माघार घेतात. निंजाचे दोन वार आणि रामझाचा एक, एवढ्यात ते झाले. राफा उभी होती.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी नकाशा दिसला. चौथ्या जागेवर सेव्ह करून मी आधी दुकानात गेलो, कारण पिशवीत फक्त चार हाय-पोशने उरली होती.