बजी स्मगलर

आज सिडनीत लेकाला पोहायच्या क्लासला नेलं. बाकावर शेजारचे आजोबा नातवाला विचारत होते, "बजी स्मगलर आणलेस ना?" मला काही कळेना. तेव्हा त्यांनीच पिशवीतून वीतभर, नाडीची निळी चड्डी काढून दाखवली. पुरुषांच्या घट्ट पोहायच्या चड्डीला इथे असं म्हणतात! बजी म्हणजे इथल्या रानातला इवलासा पोपट. आपल्याकडे पिंजऱ्यात पाळतात आणि सरसकट लव्हबर्ड म्हणतात ना, तोच. चड्डीत पोपट लपवून नेणारा तो बजी स्मगलर. किती चित्रमय शब्द आहे! २०१६ साली तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही गेला. स्पीडो हे पोहायच्या कपड्यांच्या ब्रँडचं नावही सिडनीचंच, १९२८ पासूनचं. बाकी साध्या पोहायच्या कपड्यांना क्वीन्सलंडमध्ये टॉग्ज, मेलबर्नला बेदर्स, इथे स्विमर्स किंवा कॉझी.

मला मात्र गावची विहीर आठवत राहिली. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकांनी ढकललं होतं, अंगावर फक्त लंगोट. ओल्या सुती कापडाची ती गच्च गाठ सुटता सुटायची नाही, काकू दातांनी सोडवायची. घरी आल्यावर काकांना फोन लावला, पोपटाची गोष्ट सांगितली. ऐंशीच्या घरातले काका कितीतरी वेळ हसत होते.