आयब्युप्रोफेनची गोळी आणि एक पुरस्कार

रसायनशास्त्र शिकवताना आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधाचे उदाहरण मी दरवर्षी घेतो, कारण कचरा कमी करणाऱ्या उत्पादकाचा गौरव नेमका कशासाठी करावा, हे त्यातून स्पष्ट दिसते. अमेरिकेत १९९६ पासून दिल्या जाऊ लागलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या हरित रसायन पुरस्कारांपैकी एक १९९७ साली बीएचसी कंपनीला आयब्युप्रोफेन बनवण्याच्या नव्या पद्धतीसाठी मिळाला. हे औषध तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत सहा टप्पे होते आणि वापरलेल्या अणूंपैकी ४० टक्क्यांहूनही कमी अणू अंतिम औषधात उतरत. उरलेले टाकाऊ ठरत. त्यात ॲल्युमिनियम क्लोराइडचा वाटा मोठा होता. त्याची बाटली उघडताच दमट हवेत धूर निघतो आणि नाकाला झोंबतो, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही ठाऊक असेल; एकदा वापरून, अभिक्रिया थांबवण्यासाठी पाण्यात मिसळले की ते परत मिळत नाही, उरतो तो आम्लयुक्त गाळ.

नव्या पद्धतीत टप्पे तीनच झाले, अणूंचा वापर सुमारे ८० टक्क्यांवर गेला आणि सोबत तयार होणारे ॲसिटिक आम्ल परत मिळवले तर तो ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. अर्थात, उत्प्रेरक आणि द्रावक अशी दोन्ही कामे करणारे हायड्रोजन फ्लोराइड अत्यंत घातक आहे, पण ते जवळजवळ सगळे परत वापरले जाते.

मला यात मोलाची वाटते ती एकच गोष्ट: गौरव सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा नव्हे, तर मुळात गाळच तयार होऊ न देणाऱ्या अभिक्रियेचा झाला.