गच्ची आधी आवरा, आंधी मागून येतेय

मे-जूनच्या दुपारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आभाळाचा रंग पिवळट-काळा झाला आणि उकाड्यात एकदम गार झुळूक आली, की समजा हाताशी मोजकी मिनिटं आहेत. टोर्नेडो आपल्याकडे क्वचितच होतो. १९७८च्या मार्चमध्ये दिल्लीत झाला होता. ग्वाल्हेरला नेहमी येते ती आंधी. ढगातली गार हवा धाडकन खाली कोसळते, जमिनीवर आपटून पसरते आणि धुळीची भिंत पुढे रेटत आणते. जीव जातो तो बहुतेक वेळा पडणाऱ्या आणि उडणाऱ्या वस्तूंनी. २ मे २०१८च्या रात्री उत्तर प्रदेश आणि राजस्थानात मिळून शंभरावर माणसं गेली, त्यातली कितीतरी भिंती-छपरांखाली.

म्हणून खरं काम गच्चीवरचं, आणि तेही आंधी येण्याच्या कितीतरी दिवस आधीचं. टिनावर दगड ठेवून निर्धास्त राहू नका. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण ३८ किलो भरतो. दहा बाय तीन फुटांचा पत्रा म्हणजे शंभर किलोंवर झाले. तिथे पंधरा किलोंचा दगड काय धरणार? उलट तोच खाली गल्लीत पडतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पत्रा जे-हुकाने (इंग्रजी J सारख्या वाकड्या हुकाने) लोखंडी पाइपाला आवळा, वायसर रबराचा आणि त्यावर लोखंडी घाला. कडेच्या ओळीत हुक जवळजवळ हवेत, कारण पत्रा उचकटतो तो कडेपासून.

पाण्याची टाकी या दिवसांत भरलेली ठेवा. हजार लिटरची भरली तर टनभर, रिकामी तर वारा सहज लोटतो. खिडकीबाहेरच्या कूलरचा स्टँड भिंतीत पक्का आहे का, हेही पाहून घ्या.

आंधी आली की खिडक्या-दारं बंद. ‘हवा आरपार जाऊ द्या, छप्पर वाचेल’ हा समज घातक आहे. आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो. खालच्या मजल्यावरच्या, काच नसलेल्या आतल्या खोलीत बसा. कपडे आणायला गच्चीवर कुणालाही पाठवू नका, मुलांना तर मुळीच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं गच्ची बंद.

स्कूटरवर असाल तर कडुलिंब, होर्डिंग, जुनी कच्ची भिंत यांपासून लांब थांबा, पक्क्या इमारतीत शिरा. धुळीत गाडी चालवत असाल तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या आणि दिवे विझवा. मागचा चालक तुमचा लाल दिवा पाहून तुम्ही चालताय असंच समजतो आणि येऊन धडकतो.

नंतर तार तुटून पडलेली दिसली तर ती बंद आहे असं कधीच धरू नका. दहा मीटर दूर राहा. आधीच जवळ असाल तर मोठी पावलं टाकू नका: दोन पायांमधल्या अंतरामुळेच करंट अंगातून जातो. पाय जमिनीवरून न उचलता, जोडून सरकत मागे या आणि वीज तक्रारीच्या १९१२ नंबरवर कळवा.