मामांनी कपलिंगवर दगड का मारला

गेल्या एप्रिलात बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडवर एक नर परत आला. नर म्हणजे हायड्रॉलिक क्विक कपलिंगचा निपल. हे कपलिंग म्हणजे ट्रॅक्टरचं दाबाखालचं तेल अवजाराकडे नेणारा होजपाइप झटकन जोडायचा-सोडायचा सांधा; नर होजच्या टोकाला, मादी ट्रॅक्टरवर. ड्रॉइंगवर मी ‘निपल’ आणि ‘सॉकेट’ लिहितो, पण शेडमध्ये सगळे नर-मादीच म्हणतात. या नराच्या तोंडाशी तेल अडवणारा जो शंकूसारखा पॉपेट असतो, तो एका अंगाने चेपला होता. कडेला दगडाची खरबरीत खूण. पिशवीवर दुकानदाराने लिहिलं होतं, ‘लीक. बदलून द्या.’

डोकंच फिरलं. हा माल मी जीव ओतून केला होता. अर्ध्या इंची साइजमध्ये नराचा व्यास साधारण साडेवीस मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३३० चौरस मिलिमीटर. ट्रॅक्टरचं तेल १८० बार दाबावर आलं की नराला बाहेर ढकलणारा जोर जवळजवळ ६०० किलो होतो. हा सगळा भार मादीत गोलात बसवलेले आठ छर्रे पेलतात; ते नराच्या अंगावरच्या खाचेत अडकतात. खाच मऊ राहिली तर छर्रे तिच्यात रुततात आणि मग कपलिंग ना धड बसतं, ना धड निघतं. म्हणून खाचेला इंडक्शन हार्डनिंग केलं, म्हणजे विजेने तापवून तिचा पृष्ठभाग कडक केला, आणि तेल अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगच्या मागे आधाराला टेफ्लॉनची बॅकअप रिंग दिली. टेस्ट बेंचवर थेंब गळला नव्हता. आणि यांनी त्यावर दगड घातला!

रविवारी गाडी काढली आणि संकेश्वरच्या पुढे त्या शेतकऱ्याच्या रानात गेलो. वयस्कर माणूस, डोक्याला टॉवेल. मी ‘मामा’ म्हटलं, त्यांनी आधी ताक दिलं, मग नांगराकडे नेलं. पलटी नांगर, त्याला दोन होजपाइप, दोन्ही काळे, दुपारच्या उन्हात जमिनीवर लोळत पडलेले. हात लावला तर चटकाच बसला.

“सकाळी सोडला की गपगुमान निघतंय,” मामा म्हणाले. “दुपारी जोडायला गेलं की बसंना. तुमीच बसवून दाखवा की, साहेब.”

मी मादीवरची सरकती बाही, म्हणजे स्लीव्ह, मागे ओढला, नर घातला, गुडघा टेकवून रेटला. ढिम्म हलेना. मामांनी शांतपणे बांधावरचा दगड उचलला, नराचं तोंड लोखंडी फाळावर धरलं आणि टोकावर हळूच एक घाव घातला. फुर्र करून तेल उडालं. मग नर एका हाताने टक्कन बसला.

“हे असं,” मामा म्हणाले.

परत येताना हत्तरगीपर्यंत मी हिशेबच करत होतो. सकाळी नांगर सोडताना होजमध्ये आणि सिलिंडरमध्ये तेल भरलेलं, पॉपेट बंद. कडक पाइपात कोंडलेलं तेल एक अंश तापलं तरी दाब साधारण दहा बारने चढतो. होजपाइप थोडा फुगतो म्हणून त्यात कमी, पण उन्हात वीस-पंचवीस अंशांचा फरक पडला की ५० बार सहज. पॉपेट जिथे टेकून बंद होतो त्या सीटचा व्यास १२ मिलिमीटर, म्हणजे तो आत ढकलायला ५७ किलोचा रेटा हवा. तोही वाकून, तेलकट हातांनी. ट्रॅक्टरकडची बाजू लिव्हर हलवून मोकळी करता येते, नांगराकडच्या होजला लिव्हर कुठला? बेंचवर आम्ही नेहमी आधी जोडतो आणि मग दाब देतो, तोही सावलीत. जोडायच्या आधीच आत दाब असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

फ्लॅट-फेस, म्हणजे सपाट तोंडाचं कपलिंग करा, असं एकाने सुचवलं. फ्लॅट-फेस पुसायला सोपा, माती कमी धरतो, पण ट्रॅक्टरवर कंपनीने बसवलेली मादी पॉपेटवाली, तिच्यात तो बसतच नाही. म्हणजे जे काही करायचं ते नराच्या पोटातच. शेवटी मोठ्या पॉपेटच्या आत ३ मिलिमीटरच्या सीटची एक सुई, म्हणजे बारीक झडप, घातली. सुईचं टोक पुढे काढलं, त्यामुळे आधी ती दबते. तिच्यावर ५० बारचा जोर जेमतेम साडेतीन किलो. कोंडलेला दाब चमचाभर तेलाबरोबर निघून जातो आणि मग मोठा पॉपेट बिनबोभाट सरकतो. ते चमचाभर तेल बाहेर गळतं, हे मला अजून खटकतं. पण दगडाने फुर्र करून तोंडावर उडवून घेण्यापेक्षा बरं. तापलेलं तेल डोळ्यात गेलं तर काय होईल, याचा विचार मामांनी केलेला दिसला नाही.

आमच्या टर्नरने ड्रॉइंग बघून आधी मान हलवली, “एवढ्याशा पॉपेटात भोक? आगूदिल्ल, सर.” म्हणजे कानडीत, होणार नाही. दोन पॉपेट भंगारात गेले, तिसरा जमला.

मे महिन्यात तो नर मामांना नेऊन दिला. भर दुपारी दोन वाजता बसला. गेल्या आठवड्यात फोन केला तर म्हणाले, कपलिंग झकास आहे, पण माती अडवायला नराच्या तोंडावर घालायची त्याची लाल टोपी पहिल्याच आठवड्यात दोरीसकट तुटून पडली. आता दुधाची पिशवी रबराने बांधून ठेवलीय. मातीचा एक खडा जरी सीटवर बसला तरी सुई मिटणार नाही. टोपीची दोरी मी सगळ्यात स्वस्तातली घेतली होती.