बरोबरीचे लॉर्ड

पालकसभेला गेलं की ‘पीअर प्रेशर’ हा शब्द कानावर पडतोच. पीअर म्हणजे बरोबरीचा, इतकंच. मूळ लॅटिन ‘पार’: सारखा, तोलाचा. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. गोल्फमधला ‘पार’ आणि मोज्यांची ‘पेअर’ ही त्याचीच भावंडं.

गंमत अशी, की इंग्रजांनी हा शब्द नेमका आपल्या उमरावांना लावला. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन हे सगळे पीअर. बरोबरीचे कोणाच्या? तर एकमेकांच्या! बाकीच्यांनी उगाच आशा धरू नये. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने मान्य केलेल्या हक्कांच्या सनदेत, बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय स्वतंत्र माणसाला कैद करायचं नाही, असं कलम आलं. वाचताना ऊर भरून येतो. पण त्या ‘स्वतंत्र’मध्ये जमिनीला बांधलेले भूदास धरलेलेच नव्हते. उमरावांनी मात्र आपला हक्क शतकानुशतकं जपला. १९३५ मध्ये मोटार अपघातात एक जण दगावला, तेव्हा लॉर्ड डी क्लिफर्ड यांच्यावरचा सदोष मनुष्यवधाचा खटला चालला तो चक्क हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या उमरावांच्या सभागृहात. सुटलेही. ही चैन १९४८ च्या कायद्याने संपली.

१९१९ मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे बंगालचे बॅरिस्टर पहिले भारतीय पीअर झाले: बॅरन सिन्हा ऑफ रायपूर. (हे रायपूर बीरभूमचं, छत्तीसगडचं नव्हे.) बायकांना मात्र या बरोबरीच्यांच्या सभागृहात पाय ठेवायला १९५८ चा कायदा यावा लागला.

या गोतावळ्यात माझा लाडका शब्द ‘अम्पायर’. जुन्या फ्रेंचमधला ‘नॉनपेर’, म्हणजे बरोबरीचा नसलेला, जोडीबाहेरचा. दोघांच्या भांडणातला तिसरा. इंग्रजीत तो आधी ‘अ नूम्पेर’ होता. बोलता बोलता त्याचा ‘न’ मागच्या ‘अ’ला जाऊन चिकटला आणि उरला अम्पायर. ‘नॅपरन’चा ‘एप्रन’ झाला तोही असाच. निवाडा करणारा दोघांपैकी कोणाच्याच बरोबरीचा नको, ही समज मला त्या सगळ्या लॉर्डांपेक्षा जास्त शहाणी वाटते.

आमच्या गल्लीत बॅटिंगवाल्या टीमचाच एक जण अम्पायर असायचा. तो कसला जोडीबाहेरचा! पुढची विकेट पडली की त्याचाच नंबर. आणि तरीही आपल्या भावाला त्याने कधी आउट दिल्याचं कोणाला आठवत नाही.